यंत्रमानवाची धरसोड

विद्यार्थ्यांच्या रोबोट-स्पर्धेत यंत्राला मुळात दोनच कामे असतात: एक वस्तू उचलायची आणि ती दुसरीकडे नेऊन ठेवायची. बाकीचा बारदाना, म्हणजे चाके, मोटारी, सेन्सर, कॅमेरा आणि डझनभर मुलामुलींची काही महिन्यांची झोप, या दोन कामांमधल्या वाटेवर खर्ची पडतो. उचलणाऱ्या अवयवाला वर्कशॉपमध्ये ‘ग्रिपर’ म्हणतात. गुण उचलण्याला क्वचितच मिळतात, ठेवण्याला मिळतात. तरीही ग्रिपरवरची सगळी चर्चा धरण्यावर होते. सोडणे म्हणजे धरणे थांबवणे, त्यात आराखडा कसला करायचा, हा समज सीनियरकडून ज्युनियरकडे वारसाहक्काने येतो. या समजुतीने जेवढे सामने घालवले तेवढे जळालेल्या मोटारींनीही घालवले नसतील.

अशा स्पर्धा जगभर बऱ्याच आहेत, पण भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘रोबोकॉन’ म्हटले की पुढे सांगावे लागत नाही. जपानच्या एनएचके वाहिनीने १९८८ मध्ये देशातल्या विद्यार्थ्यांसाठी रोबोट-स्पर्धा सुरू केली. त्यातूनच पुढे २००२ मध्ये टोकियोला पहिली आंतरराष्ट्रीय ‘एबीयू रोबोकॉन’ झाली (एबीयू म्हणजे आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटना). भारतातून कोणता संघ जाणार हे दूरदर्शनच्या स्पर्धेत ठरते आणि ही स्पर्धा अनेक वर्षे पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरत असे. २००८ आणि २०१४ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही तिथेच झाल्या.

या स्पर्धेचा विषय यजमान देश ठरवतो आणि प्रत्येक यजमान आपली संस्कृती त्या नियमावलीत कोंबून बसवतो. कैरोने २०१० मध्ये पिरॅमिड रचायला लावले, हाँगकाँगने २०१२ मध्ये उत्सवातले पाव वेचायला लावले, उलानबातरने २०१९ मध्ये मेंढीच्या घोट्याचे हाड फेकायला लावले. पुण्याने २००८ मध्ये दहीहंडी दिली. २०२२ मध्ये दिल्लीने लगोरी दिली आणि गल्लीत लगोरी खेळताना शेजाऱ्यांच्या काचा फोडलेल्या मुलांना पहिल्यांदाच त्या अनुभवाचा शैक्षणिक उपयोग झाला. या परंपरेमुळे ग्रिपर दरवर्षी नव्याने करावा लागतो. पावाला चालणारी पकड हाडाला चालत नाही आणि हाडाला चालणारी पकड पावाचे काय करते ते पाहवत नाही.

म्हणून आराखड्याची सुरुवात यंत्रापासून न होता वस्तूपासून होते, निदान व्हायला हवी. नियमावलीत वस्तूचे माप मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये दिलेले असते. नेमकी तशी वस्तू बाजारात कुठेच मिळत नाही, म्हणून संघ ती स्वतः बनवतो. फोम गादीवाल्याकडून, पाइप प्लंबिंगच्या दुकानातून आणि रंग वर्कशॉपच्या खिडक्या रंगवून उरलेला. पहिल्या दिवशी ही प्रतिकृती नियमावलीशी बरीच मिळतीजुळती असते. मग काही महिने ती रोज शेकडो वेळा उचलली जाते, पडते, फाटते, सेलोटेपने चिकटवली जाते आणि तिच्यावर वडापावच्या हातांचे थर बसतात. अशी वस्तू कोणताही ग्रिपर छान उचलतो. खडबडीत टेप आणि चिकट मळ यांच्याइतके चांगले घर्षण कोणताही कारखाना पुरवू शकत नाही. स्पर्धेच्या मैदानावर आयोजक जी वस्तू ठेवतात ती कोरी, गुळगुळीत आणि कोणाचाही हात न लागलेली असते. ती पहिल्याच सामन्यात ग्रिपरमधून अलगद घसरून खाली बसते आणि संघ म्हणतो, “सर, आमच्याकडे तर चालत होतं.” परीक्षकांनी हे वाक्य प्रत्येक राज्याच्या उच्चारात ऐकलेले असते.

पहिला आराखडा बहुधा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी करतो आणि त्यात पाच बोटे असतात. संगणकाच्या पडद्यावर हा हात अप्रतिम दिसतो. प्रत्येक बोटाला तीन पेरे, प्रत्येक पेऱ्याला सांधा, प्रत्येक सांध्याला दोरी. माणसाच्या हातात सत्तावीस हाडे असतात, बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात, आणि सगळ्यावर त्वचेच्या स्पर्शज्ञानाचे अखंड लक्ष असते, ही माहिती आराखडा करणाऱ्याला नसते असे नाही. ती प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडवर असते. तिचा अर्थ पहिल्या चाचणीत कळतो. पाच बोटांपैकी तीन वस्तूला लागतात, एक दुसऱ्या बोटात अडकते आणि अंगठा कशातच भाग घेत नाही. हा हात पुढे महाविद्यालयाच्या ओपन डेला टेबलावर ठेवतात. त्याला पाहुण्यांशी हस्तांदोलन करायला लावायचे नाही एवढे पथ्य पाळले जाते.

दुसरा आराखडा दोन जबड्यांचा असतो आणि खरे तर तिथेच विषय सुरू होतो. दोन जबडे समोरासमोर ठेवले आणि ते कैचीसारखे एका खिळीभोवती फिरवले, तर टोके कमानीत फिरतात आणि गोल किंवा गुळगुळीत वस्तू पुढे ढकलली जाते. जबडे शेवटपर्यंत समांतर राहावेत म्हणून समांतरभुज चौकोनाची चार दांड्यांची जोडणी वापरतात. पट्ट्यांची लांबी अचूक आणि भोके नेमक्या जागी असतील तर ही जोडणी फार सुरेख चालते. भोके वर्कशॉपच्या जुन्या ड्रिलिंग मशीनवर पाडली असतील तर तिच्यात थोडा खेळ, म्हणजे ढिलेपणा, राहतो. हा थोडा खेळ पट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत बराच झालेला असतो.

पकडीला जोर किती लागतो हा हिशोब एका ओळीचा आहे. एक किलोची वस्तू दोन बाजूंनी दाबून धरायची आणि घर्षणांक ०.३ धरायचा, तर प्रत्येक जबड्याला साधारण १६ न्यूटन जोर लागतो. यंत्र वस्तू झटक्यात वर उचलते तेव्हा गुरुत्वाच्या निम्मा प्रवेग आणखी धरला की हा आकडा २५ होतो. भोके जुन्या मशीनवर पाडली आहेत हे लक्षात ठेवून त्याची दुप्पट केली की ५० न्यूटन. रोबोकॉनमध्ये हवेचा दाब बहुतेक वर्षी ६ बारपर्यंत चालतो आणि त्या दाबाला १६ मिलिमीटर व्यासाचा छोटासा सिलिंडर १२० न्यूटन देतो. म्हणजे छोटाच पुरतो. प्रत्यक्षात ग्रिपरवर ३२ मिलिमीटरचा सिलिंडर बसतो, कारण मागच्या वर्षीचा तोच कपाटात पडलेला असतो. तो ४८० न्यूटन देतो, म्हणजे एक सडपातळ माणूस वस्तूवर उभा राहिल्यासारखा. धरल्यानंतर वस्तू सुटत नाही हे खरे, पण सोडल्यानंतर ती पूर्वीची वस्तू राहिलेली नसते.

जोर वाढवण्यापेक्षा घर्षण वाढवणे केव्हाही स्वस्त पडते. सायकलची जुनी ट्यूब कापून जबड्याला चिकटवणे हा यातला सर्वमान्य उपाय आहे. ट्यूब सायकलवाला फुकट देतो आणि चिकटवायचे सोल्यूशनही त्याच्याकडेच मिळते. याखेरीज सिलिकॉन, पॉलिशपेपर, पायपुसण्याखाली घालायची रबरी जाळी, टेबल टेनिसच्या बॅटचे रबर असे सगळे वापरून झालेले आहे. बॅटचे रबर खरोखर उत्तम काम देते. जिमखान्याची बॅट मधल्या काळात कुठे गेली याची चौकशी सहसा स्पर्धेनंतर होते.

जबडे हलवायचे कशाने, यावर संघात दोन पंथ असतात. पहिला पंथ विजेचा. छोट्या कामासाठी सर्व्हो मोटर लावतात. तिला ‘इतक्या अंशांवर जा’ असे सांगितले की ती जाते आणि वस्तू मध्ये आल्यामुळे तिथवर पोचता आले नाही तरी प्रयत्न सोडत नाही. या चिकाटीमुळे ती तापते, मग वास येतो, मग दुसरी सर्व्हो आणायला कोणीतरी बुधवार पेठेत पळते. यावरचे शहाणपणाचे उत्तर वर्म गिअर आहे. त्यात मोटर जबडे फिरवू शकते, पण जबडे मोटर फिरवू शकत नाहीत, त्यामुळे वीज बंद केली तरी पकड ढिली पडत नाही. दुसरा पंथ हवेचा. हवा वेगवान, हलकी आणि हिशोबाला सोपी असते. ती साठवायला थंड पेयाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली लावतात, त्यामुळे हवेच्या पंथातल्या मुलांना ते पेय पिण्याचे सबळ तांत्रिक कारण मिळते. भरलेल्या बाटलीवर १६ मिलिमीटरचा, ५० मिलिमीटर चालीचा सिलिंडर कागदावर साठ-सत्तर वेळा हलतो. प्रत्यक्षात किती वेळा हलतो ते कुठल्या जोडातून सूं सूं आवाज येतो आहे त्यावर ठरते.

या टप्प्यावर अनुभवी संघ वस्तू धरण्याचाच नाद सोडतात आणि त्यांचे यंत्र सुधारते. वस्तू दोन्ही बाजूंनी दाबण्यापेक्षा तिच्याखाली दोन दांडे सारले तर तिचे वजनच तिला जागेवर ठेवते, जोर लागत नाही आणि घर्षणांकाची भीक मागावी लागत नाही. चेंडूसाठी तर जबड्यांपेक्षा उलट दिशांना फिरणारे दोन रूळ सरस. यंत्र चेंडूवर घाईघाईत आणि तिरपे गेले तरी रूळ त्याला आत ओढून घेतात. अमेरिकेतल्या ‘फर्स्ट’ स्पर्धेच्या संघांत या प्रकाराबद्दल एक घोषवाक्य आहे, त्याचा मराठी अवतार ‘शिवलं की आपलं’ असा होईल. रुळांचा दुसरा गुण असा की ते उलटे फिरवले की चेंडू बाहेर पडतो, म्हणजे सोडण्याची सोय धरण्याच्या खर्चातच होते. २०२४ च्या व्हिएतनामच्या स्पर्धेत भाताच्या दाण्यांची भूमिका चेंडूंनी केली होती आणि ते कणगीत भरायचे होते. रूळवाल्या संघांना हे काम मानवणारे होते. त्याच स्पर्धेत भाताची रोपेही लावायची होती, ती मात्र उभी राहायला हवीत. तिथे रूळ निरुपयोगी ठरतात.

सपाट वस्तूसाठी निर्वात पेला लावावा असे कोणाच्या तरी मनात येतेच. ५० मिलिमीटर व्यासाच्या रबरी पेल्यातली निम्मी हवा काढली तर तो जवळजवळ दहा किलो उचलेल, असे गणित सांगते. ते पाहून संघात एक दिवस उत्साह असतो. दुसऱ्या दिवशी वस्तूचा पृष्ठभाग सच्छिद्र असल्याचे लक्षात येते. विद्युतचुंबकाचा विचार याहून लवकर संपतो, कारण वस्तू लोखंडाची नसते. क्वचित असली तर प्रवाह बंद केल्यावरही थोडे चुंबकत्व मागे राहते आणि वस्तू खाली पडायच्या ऐवजी विचार करत लटकते.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ, शिकागो विद्यापीठ आणि आयरोबोट कंपनी यांच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक वेगळी पकड दाखवली. रबरी फुग्यात दळलेली कॉफी भरायची, फुगा वस्तूवर दाबायचा आणि आतली हवा काढून घ्यायची. कॉफीचे कण एकमेकांत घट्ट बसतात आणि फुगा वस्तूच्या आकाराचाच होऊन तिला धरतो. हे वाचून दरवर्षी कुठल्या ना कुठल्या हॉस्टेलमध्ये एक फुगा आणि मेसमधली कॉफी कामी येते. मेसची कॉफी विरघळणारी असल्यामुळे पहिल्या पावसाळी दिवशी प्रयोग थांबतो. या पकडीचा पुढचा इतिहास जास्त बोधप्रद आहे. २०१२ च्या सुधारित आवृत्तीत फुग्यात उलट हवा भरून वस्तू बाहेर ढकलायची सोय केली. म्हणजे तिथेही आधी धरण्याचा शोध लागला आणि सोडण्याचा नंतर.

सोडणे हा ग्रिपरचा खरा अवघड भाग आहे, आणि तो अवघड असल्याचे यंत्र पूर्ण झाल्यावरच कळते. लगोरीचे उदाहरण घेतले तर गुंतागुंत नीट दिसते. गल्लीतल्या खेळात सात ठिकऱ्या असतात. २०२२ च्या नियमावलीत एकावर एक, कमी कमी होत जाणाऱ्या व्यासाच्या पाच चकत्या होत्या. एका यंत्राने चेंडू मारून त्या पाडायच्या, मग त्या पुन्हा रचायच्या, आणि रचणारे यंत्र डोक्यावर चेंडू घेऊन वावरत असताना प्रतिपक्षाने तो चेंडू पाडायचा. चकती उचलणे तुलनेने सोपे. ती खालच्या चकतीच्या मधोमध ठेवून, तिला धक्का न लावता, हात काढून घेणे हे काम होते.

आता जबडे उघडताना काय होते ते जवळून पाहावे. दोन्ही जबड्यांना स्वतंत्र सिलिंडर असतील आणि त्यांना हवा एकाच व्हॉल्व्हमधून जात असेल, तर दोघे एकाच क्षणी उघडतील असे आकृतीत दिसते. प्रत्यक्षात डावीकडची नळी बोटभर लांब असते आणि उजवीकडच्या सिलिंडरला कालच तेल घातलेले असते. उजवा जबडा आधी उघडतो. डावा अजून दाबतच असतो, त्यामुळे तो चकतीला उजवीकडे सरकवतो, मग स्वतः उघडतो आणि निर्दोष असल्यासारखा बाजूला होतो. चकती दोन बोटे सरकलेली असते. तिच्यावरची पुढची चकती आणखी दोन बोटे सरकते आणि मनोऱ्याला कलते वळण लागते. यावर उपाय म्हणजे दोन्ही जबडे दातेरी चाकांनी एकमेकांना बांधून टाकणे. मग एकाला दुसऱ्याशिवाय हलताच येत नाही. सिलिंडरच्या तोंडाशी हवेचा वेग कमी करणारा छोटा स्क्रू बसवला तर उघडणे मंद आणि सौम्य होते. तो स्क्रू किती पिळायचा हे सामन्याच्या दहा मिनिटे आधी तीन जण मिळून तीन वेगवेगळ्या पद्धतींनी ठरवतात.

जबडे एकदम उघडले तरी प्रश्न उरतोच. वस्तू मऊ असेल तर ती दाबाखाली आक्रसलेली असते, आणि दाब जाताच फुगून उडी मारते. सडपातळ माणसाच्या वजनाएवढा जोर लावणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. शिवाय ज्या लांब ॲल्युमिनियमच्या हातावर ग्रिपर बसवलेला असतो तो हात वस्तूच्या भाराने थोडा वाकलेला असतो. वस्तू खाली टेकली, जबडे सुटले, भार गेला की हात मोकळा श्वास घेतल्यासारखा वर उसळतो आणि जाता जाता वस्तूच्या कडेला टिचकी मारून जातो. चित्रफीत हळू गतीने पाहिल्याशिवाय हे कोणालाच दिसत नाही. ती पाहीपर्यंत प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीवर ठपका ठेवून झालेला असतो.

तिसरी अडचण चिकटण्याची. धरताना घट्ट बसावे म्हणून जी सायकलची ट्यूब आणि जे बॅटचे रबर लावले तेच आता वस्तू सोडायला तयार नसते. श्रीखंड वाढणाऱ्याला हे दुःख ठाऊक असते: डावात घेताना अडचण येत नाही, पानात पाडताना मात्र डाव पानाच्या कडेवर आपटावा लागतो. ग्रिपरच्या बाबतीत आपटणे परवडत नाही, म्हणून जबड्याच्या मधोमध स्प्रिंगची एक छोटी दांडी बसवतात. जबडा उघडला की ती वस्तूला हलकेच लोटून वेगळी करते. हा उपाय माहीत नसलेले संघ रबरावर कॅरमची बोरिक पावडर टाकतात. वस्तू सुटू लागते, आणि पुढच्या फेरीत ती धरतानाही सुटू लागते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, या अवस्थेला संघ साधारण रात्री दोनच्या सुमारास पोचतो.

निर्वात पेल्याचीही गत तीच. पंप बंद केला म्हणजे पेला सुटेल असे वाटते, पण आतली पोकळी पंपाला विचारून राहिलेली नसते. ती हळूहळू भरत राहते आणि वस्तू सामना संपल्यावर, टाळ्यांच्या गजरात पडते. त्यासाठी हवा आत सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह लागतो.

वस्तू ठेवायची नसून फेकायची असेल तर सोडण्याला घड्याळ लागते. अर्ध्या मीटरचा हात फिरतो आहे आणि त्याचे टोक सेकंदाला १० मीटर वेगाने जाते आहे असे धरू. सोडायला सेकंदाचा शंभरावा भाग उशीर झाला तर टोक १० सेंटिमीटर पुढे गेलेले असते आणि फेकीचा कोन अकरा अंशांहून जास्त बदलतो. इतक्याने वस्तू कड्यातून जाण्याऐवजी कॅमेरामनकडे जाते. हवेचा व्हॉल्व्ह उघडायला लागणारा वेळ याहून लहान असेलच असे नाही, आणि बाटलीतला दाब उतरला की तो बदलतो. म्हणून जाणते संघ सोडण्याचे काम विजेकडे न देता यांत्रिक खुंटीकडे देतात. हात ठरावीक कोनात आला की खुंटीवर आपटून खटका सुटतो. खुंटीला प्रोग्राम लागत नाही, ती हँग होत नाही आणि तिची बॅटरी उतरत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना ती फारशी आवडत नाही.

२०१५ मध्ये योग्याकार्ताला रोबोट बॅडमिंटन खेळले तेव्हा सर्व्हिसमध्ये हाच प्रश्न छोट्या रूपात होता. फूल सोडायचे आणि ते पडत असताना रॅकेट मारायची. फूल पिसांकडून धरले तर सुटल्यावर बूड खाली ठेवून सरळ पडते. भलतीकडून धरले तर गिरकी घेते आणि रॅकेट हवेत फिरते.

याहून अवघड प्रसंग म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याच्या हाती वस्तू देणे. २०१८ मध्ये व्हिएतनामच्या विषयात एक यंत्र फेकायचे गोळे दुसऱ्याला पुरवत असे. २०१९ मध्ये मंगोलियाच्या विषयात पहिले यंत्र गेरेगे नावाचा परवाना दुसऱ्या, चार पायांच्या यंत्राला देई. अशा वेळी वस्तू क्षणभर दोघांच्याही हातात असायला हवी. घेणाऱ्याने घट्ट धरल्याची खात्री झाल्यावरच देणाऱ्याने सोडायचे. खात्री कशी करायची, तर घेणाऱ्याच्या जबड्यात एक छोटे बटण असते, ते दाबले गेले की समजायचे वस्तू आली. बटण अर्धवट दाबले जाते तेव्हा दोघेही वस्तू धरून उभे राहतात आणि दोघेही वाट पाहतात. बटण धक्क्यानेच दाबले जाते तेव्हा दोघेही सोडतात. दोन्ही प्रकारांत प्रेक्षकांची करमणूक सारखीच होते.

बालेवाडीच्या २०१४ च्या विषयात तर वस्तूच्या जागी एक यंत्रच होते. विषय मातापित्यांना वंदन असा होता. मोठ्या पालक-यंत्राने छोट्या बाल-यंत्राला उचलून सी-सॉवर ठेवायचे, खांबांवरून चालायला सोडायचे, झोपाळ्यावर बसवायचे, आणि शेवटी बाल-यंत्राने जंगल जिमवर आपले आपण चढायचे. सगळी कामे पूर्ण करणाऱ्या संघाला ‘शाब्बाश’ मिळायचे. मुलाला धरून ठेवण्याच्या बाबतीत भारतीय पालकांचा हात कोणी धरू शकत नाही, पण इथे परीक्षा सोडण्याची होती. शिवाय बाल-यंत्र जिवंत होते. त्याला स्वतःची मोटर होती आणि कधी चालू व्हायचे याचे स्वतःचे मत होते. पालकाने सोडण्याआधी त्याने चालायला सुरुवात केली की ग्रिपर पिळवटत असे. उशिरा सुरुवात केली की पालक-यंत्र चालवणारा विद्यार्थी “अरे जा ना!” असे ओरडत असे. हे वाक्य कोणत्याही सेन्सरपर्यंत पोचण्याची सोय नव्हती.

वीज किंवा हवा गेली तर ग्रिपरने काय करावे, हा प्रश्न आराखड्यातच सोडवायला हवा. स्प्रिंगने मिटलेला आणि हवेने उघडणारा ग्रिपर हे यातले समंजस उत्तर आहे. तीन मिनिटांच्या सामन्यात जबडे बराच वेळ मिटलेले असतात आणि उघडायचे क्षण थोडे असतात, त्यामुळे हवाही कमी लागते. उलट बांधणी केली तर बाटली रिकामी होताच यंत्र उचललेले सर्व काही वाटेत दान करत जाते. एवढे साधे तत्त्व असूनही उलट बांधणीचे ग्रिपर दरवर्षी दिसतात. त्यामागचे कारण बहुधा स्प्रिंगचे दुकान रविवारी बंद असते हे असावे.

कार्यशाळेतली बांधणी आराखड्यापेक्षा वेगळ्या नियमांनी होते. पट्ट्या भोसरीहून लेझरने कापून येतात तेव्हा त्या एकतर बरोबर असतात किंवा चित्र पाठवणाऱ्याने माप इंचात दिलेले असते. मग वर्कशॉपच्या मामांना गाठावे लागते. “मामा, एवढं एक भोक मोठं करून द्या ना.” “काल पण एवढं एकच होतं. परवा पण.” “मामा, हे शेवटचं.” मामा भोक मोठे करून देतात, आणि देताना जबडा हातात धरून दोनदा उघड-मीट करून बघतात. “धरतंय बरं,” ते म्हणतात, “सुटल्यावर कुठं जाणार ते बघितलं का?” संघाच्या चर्चेत हा मुद्दा पहिल्यांदा निघतो तो बहुतेक वेळा असाच, लेथ मशीनच्या कडेला.

मैदानावर पोचल्यावर ग्रिपरचे उरलेले आयुष्य दुरुस्तीत जाते. पहिल्या चाचणीत ॲक्रिलिकचा जबडा तडकतो. त्याला झिप टाय बांधतात. झिप टायमुळे जबडा पूर्ण मिटत नाही, म्हणून दुसऱ्या जबड्याला थर्मोकोलचा तुकडा लावतात. वजन वाढते, वजनाच्या काट्यावर यंत्र अडकते, मग कुठलातरी नट काढतात. काढलेला नट कशाचा होता हे पुढच्या सामन्यात कळते. तरीही या अवस्थेतले ग्रिपर कधी कधी विलक्षण चांगले चालतात, कारण झिप टायला थोडी लवचीकता असते आणि लवचीक जबडा वस्तूच्या आकाराशी जुळवून घेतो. महागड्या त्रिमितीय छापाईतून लवचीक प्लॅस्टिकची बोटे करून जे साधतात ते इथे तीन रुपयांत आणि अपघाताने साधलेले असते.

स्पर्धा संपल्यावर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि मोटारी सुटून कपाटात जातात, म्हणूनच पुढच्या वर्षीच्या ग्रिपरवर पुन्हा ३२ मिलिमीटरचा सिलिंडर बसतो. उरलेला सांगाडा विभागाच्या काचेच्या कपाटात काही महिने राहतो आणि मग भंगारात जातो. संघ दरम्यान प्रकल्प-अहवाल लिहितो. त्यात ग्रिपरवर एक संपूर्ण प्रकरण असते: जोराचे गणित, घर्षणांकाचा तक्ता, चार दांड्यांच्या जोडणीची आकृती, सुरक्षा-गुणांक दोन. झिप टायचा उल्लेख नसतो. सोडण्याच्या यंत्रणेवर प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य असते, आणि ते मागच्या वर्षीच्या अहवालातून शब्दशः उतरवलेले असते: “वस्तू सोडण्यासाठी वरील क्रिया उलट क्रमाने करावी.”